आज्जीची पहिली भाषा

५ जानेवारी २०२५, रविवार

आज्जीला काल ठाकुर्लीच्या घरी आणलं. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले, काय खाते, किती झोपते, काय बोलते ते रोज लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी दाखवा. म्हणून ही वही. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मिळालेली, कोरीच पडलेली.

सकाळी अर्धी वाटी पेज. दुपारी मऊ भात. उजवा हात उचलत नाही. पाय थोडा हलतो. तोंडाचा उजवा कोपरा खाली आलाय.

पण बोलते. सारखी बोलते, आणि त्यातला एक शब्द आम्हाला कळत नाही.

आई म्हणाली, "भ्रम झालाय गं त्यांना." मलाही तसंच वाटलेलं. पण वॉर्डातली एक सिस्टर गुलबर्ग्याची निघाली. ती म्हणाली, "भ्रम नाही हो. कन्नड आहे. एकदम व्यवस्थित बोलतायत. मला विचारलं, जेवलीस का."

आज्जी मूळची विजापूरकडची, भीमेच्या पलीकडची. हे मला माहीत होतं, पण त्याचा कधी विचार केला नव्हता. आजोबा सोलापूरकडचे, मराठी. लग्न करून ती ठाण्याला आली, त्याला साठ वर्षं झाली. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि तिच्या तोंडून कन्नडचा एक शब्द ऐकलेला नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं कधी कधी. नंतर शिकलेली भाषा जाते, पहिली राहते. मराठी परत येईल का, ते सांगता येत नाही.

माझ्याकडे बघून बोलते आणि उत्तराची वाट बघते. मी नुसती "हो आज्जी, हो आज्जी" करत बसते. लाज वाटते.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी आज्जी "नीर, नीर" म्हणत होती. आई भांडं घेऊन धावली. आज्जीने मान हलवली. मग मी उशी सरळ केली. तेही नाही. तेवढ्यात पप्पा बाहेरून पाण्याचा ग्लास घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि निघून गेले. आज्जी घटाघटा प्यायली. बरं झालं, योगायोगाने पप्पांना सुचलं.

पप्पांचं मात्र मला खटकतंय. सख्खी आई अशी पडलेली आणि हा माणूस दारातून डोकावतो, की निघाला. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये फोरमन आहेत, यंदा रिटायर होणार. रजा आहे की शिल्लक! पण नाही. घरी असले तरी बाल्कनीत जाऊन बसतात. आणि गंमत म्हणजे ते खोलीत आले की आज्जीही गप्प होते. डावा हात पदरासकट तोंडावर धरते. मला वाटतं, वाकडं झालेलं तोंड मुलाला दिसू नये म्हणून. स्वाभिमानी आहे ती आधीपासूनच.

१० जानेवारी, शुक्रवार

एक युक्ती सुचली. स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलचे गुरुदत्त शेट्टी. लहानपणापासून तिथली इडली खाल्लेय. काल ऑफिसमधून येताना गल्ल्यावर त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "अंकल, अर्धा तास येऊन फक्त ती काय म्हणते तेवढं सांगाल का?"

ते म्हणाले, "तीन ते साडेचार धंदा थंड असतो. येतो. त्यात काय."

आज मी हाफ डे टाकला आणि ते आले. पायरीवर चपला काढून, हात जोडून आत. आज्जीशी दोन वाक्यं बोलले आणि आज्जी जी सुरू झाली! शेट्टी अंकलच्या कपाळाला घाम. मला म्हणाले, "माया, हे थोडा प्रॉब्लेम आहे. मी मंगळूर साइडचा. माझी कन्नड वेगळी, आज्जीची वेगळी. ही ज्वारीची कन्नड आहे, विजापूर साइडची. फास्ट आणि कडक."

"म्हणजे कळत नाही?"

"कळते. पण पळावं लागतं मागे."

आज्जी हसली. आजारानंतर पहिल्यांदा.

जाताना त्यांनी बाल्कनीकडे बघून विचारलं, "कुंडलिकराव, तुम्हाला येत नाही का आईची भाषा?"

पप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लहानपणी कानावर पडलेली थोडी. आता काय."

१६ जानेवारी, गुरुवार

शेट्टी अंकल दिवसाआड येतात. मी मानपाड्याला रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. साहेबांना सांगून दोन आठवडे सकाळची पाळी घेतली. सहाला निघते, अडीचला घरी. दमायला होतं. पण सांगते, इतकं आतुर होऊन मी कित्येक वर्षांत घरी आले नव्हते.

आज तिने गावची गोष्ट सांगितली. नदीला पाणी असलं की पलीकडून नाव बोलवावी लागायची. नावाडी त्या काठाला झाडाखाली झोपलेला. गावातल्या पुरुषांचा आवाज पोचायचा नाही, पण आज्जीचा पोचायचा. दहा वर्षांची होती. कुणाला बाजाराला जायचं असलं की लोक महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे, आत न येता, आणि म्हणायचे, त्या जाईला पाठवा जरा काठावर. हे सांगताना शेट्टी अंकल थोडे अडखळले. आज्जी नाही अडखळली. म्हणाली, शिवायचं नव्हतं त्यांना, पण आवाज माझाच लागायचा. मी मुद्दाम थोडा वेळ लावायची.

आज्जी! मी तुला फक्त गुडघे दुखणारी, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणणारी म्हणून ओळखत होते गं.

१९ जानेवारी, रविवार

आज जे ऐकलं ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

आम्हाला इतकंच माहीत होतं की आजोबा गेल्यावर आज्जी वागळे इस्टेटला एका काचेच्या कारखान्यात बाटल्या निवडायच्या कामाला होती, आणि भट्टीच्या धगीने डोळे दुखायला लागले म्हणून तिने ते काम सोडलं. पप्पांनीच सांगितलेलं. पुढे बालवाडीत सतरा वर्षं सेविका. बस. एवढीच आज्जी.

आज मी शेट्टी अंकलना म्हटलं, विचारा ना, कारखान्यात काय काय करायचीस. त्यांनी विचारलं. आज्जीने छताकडे बघितलं. मग सुरू झाली.

१९८१ साल. कारखान्यात तेवीस बायका ठेकेदाराच्या होत्या. सगळ्या विजापूर-गुलबर्ग्याकडच्या, खाणीत खडी फोडायला आलेल्या आणि तिथून इकडे वळलेल्या. मराठी येत नव्हतं. आज्जीचं नाव कंपनीच्या मस्टरवर होतं, त्यांचं नव्हतं. एक दिवस भट्टीवरचा पत्रा पडला आणि भीमव्वा नावाच्या बाईचा पाय चेचला. तिसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन आला. सांगितलं, हे दवाखान्याचे कागद आहेत, सगळ्यांनी अंगठे लावा. बायका रांगेत उभ्या राहिल्या.

आज्जीने तो कागद बघितला. कागद मराठीत होता. 'आम्ही स्वखुशीने काम सोडत आहोत. अपघाताबद्दल आमची तक्रार नाही.'

आज्जीला वाचता येत होतं. कसं, तर पप्पा पहिलीत असताना मोठ्याने धडा वाचायचे आणि ही स्वयंपाक करता करता पुस्तकात बघायची. पप्पा चौथीत गेले, तेव्हा हिला पेपर वाचता यायला लागलेला. कुणाला सांगितलं नव्हतं.

भट्टीच्या आवाजात ती ओरडली, "हेब्बट्ट हच्चब्याड्री!" म्हणजे, अंगठे लावू नका गं! शेट्टी अंकलनी हे भाषांतर करायच्या आधी स्वतः दोनदा म्हणून बघितलं. मग आज्जीने साहेबाच्या समोर, एकेक ओळ करत, तो कागद कन्नडमध्ये सांगितला. सगळ्या बायका मागे सरकल्या. गेटबाहेर जाऊन बसल्या. आणि जिचं नाव मस्टरवर होतं, जिला काही होणार नव्हतं, ती पण उठून त्यांच्यात जाऊन बसली. विधवा बाई, घरात चौदा वर्षांचा मुलगा.

"किती दिवस बसल्या?" मी विचारलं.

शेट्टी अंकल म्हणाले, "नऊ म्हणतात वाटतं."

"अकरा," स्वयंपाकघरातून पप्पा म्हणाले, नुकतेच पाळीवरून आलेले.

मी उठून गेले. "तुम्हाला काय माहीत?"

"सांगायची पूर्वी आई," ते म्हणाले आणि नळ सोडून कप विसळत बसले. तो कप आधीच धुतलेला होता.

मला राग आला. पूर्वी सांगायची, तर मग आम्हाला का नाही सांगितलं कुणी? इतकी मोठी गोष्ट! माझ्या आज्जीने तेवीस बायकांचे अंगठे वाचवले आणि आम्ही डोळे दुखण्याची गोष्ट ऐकत मोठे झालो.

२० जानेवारी, सोमवार

लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. दोनदा. दुसऱ्यांदा थोडी ॲक्टिंगही केली. धनेश म्हणाला, "तुझी आज्जी म्हणजे लय भारी काम आहे." दिवसभर मी छाती काढून फिरत होते, जसं काही मीच गेटवर बसलेले.

२५ जानेवारी, शनिवार

पुढचं कळलं. कंपनीने कागद फाडला. भीमव्वाला नीट दवाखान्यात नेलं. तेवीस जणींची नावं मस्टरवर चढली. आणि पाच महिन्यांनी, सगळं शांत झाल्यावर, आज्जीला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

"मग डोळ्यांचं काय?" मी विचारलं.

शेट्टी अंकलनी विचारलं. आज्जी काहीतरी पुटपुटली. मी मागे लागले तेव्हा अंकल म्हणाले, "डोळे चांगले होते म्हणतात."

तेवढ्यात पप्पा औषधं घेऊन आत आले. आज्जीचा हात लगेच तोंडावर. पप्पा औषधं ठेवून गेले. ती हळूच एक वाक्य बोलली. हे मी आधीही तिच्या तोंडून ऐकलंय, दहा-बारा वेळा तरी. वहीत उच्चार लिहून ठेवलाय: अवंग सेरांगिल्ल.

"अंकल, याचा अर्थ काय?"

ते चष्मा पुसत राहिले. "'त्याला आवडत नाही.' असं."

"कुणाला? काय आवडत नाही?"

"ते नाही सांगितलं," म्हणाले आणि घड्याळ बघून उठले.

औषधाबद्दल असेल. की साहेबाबद्दल? कारखान्यातच असते ती हल्ली मनाने.

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. वही बघितली त्यांनी, पण खाण्यापिण्याची पानं सोडून बाकीचीच वाचत बसले. मराठी काही परत आलेलं नाही. हृदय थकलंय म्हणाले. जपा.

आज्जीच्या बोलण्यात निंगव्वा हे नाव फार येतं. तेवीस जणींतली सगळ्यात लहान. हिचा पत्ता लागेल का? शेट्टी अंकल म्हणाले, तुझ्या आज्जीशी खरं बोलायला ज्वारीवाली बाईच पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

वागळे इस्टेटला गेलेले. नुसतं नाव घेऊन कुठे शोधणार? दोन तास उगाच फिरले. मग डोकं चाललं. पिठाच्या गिरणीत गेले आणि विचारलं, ज्वारी दळायला कोण कोण येतं? गिरणीवाला म्हणाला, "खाणीखालच्या वस्तीतल्या सगळ्या कानडी बायका." तिसऱ्या घरात निंगव्वा.

सत्तरीची असेल. इरकल लुगडं, कपाळावर गोंदण. मराठी आता झकास बोलते. मी म्हटलं, "मी जाईबाईंची नात." तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"कुठली जाईबाई? बाटलीवाली? आमची जाई?"

"हो."

"जिवंत हाय?"

मी हो म्हटल्यावर तिने मला जवळ ओढलं आणि शेजारणींना हाका मारायला लागली. पाच मिनिटांत दारात गर्दी. एकीने माझ्या हातात शेंगाचटणीची बरणी दिली. एक म्हातारी म्हणाली, "माझी आई भीमव्वा. पायाने अधू होती, पण एकोणीस वर्षं नोकरी केली. तुझ्या आज्जीमुळं."

येताना रिक्षात बरणी मांडीवर धरून बसलेले. इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचा पण वाटला नव्हता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं आजच लिहिते.

निंगव्वा सकाळी आली, लेकीसोबत. आज्जीने तिला लगेच ओळखलं नाही. निंगव्वा खाटेवर बसली, आज्जीचा चांगला हात घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "हेब्बट्ट हच्चब्याड्री!" आज्जीचे डोळे मोठे झाले. मग त्या दोघी हसल्या, रडल्या, भांडल्यासारख्या बोलत सुटल्या. मला काही भाषांतर लागलं नाही.

शुक्रवार, म्हणजे वागळे इस्टेटला सुट्टी, पप्पा घरीच; मी रजा काढलेली. ते भाजी घेऊन आले, पिशवी ठेवली आणि वळून बाल्कनीकडे निघाले. निंगव्वाने त्यांना बघितलं.

"कुंडल्या!" ती ओरडली आणि कन्नडमध्ये काहीतरी भराभर विचारलं.

आणि पप्पांनी उत्तर दिलं. कन्नडमध्ये.

असं सहज, जसं आपण कुणी हाक मारली की ओ देतो. दोन-तीन वाक्यं बोलले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी वही घेऊन उभी. आज्जीने हात तोंडावर नेलेला.

निंगव्वाला काही माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, "ह्यानंच तर अकरा दिवस भाकरी आणल्या आम्हाला गेटवर. डोक्यावर टोपली घेऊन यायचा. आमच्याशी घडाघडा बोलायचा."

पप्पा खुर्चीवर बसले. ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "नोकरी गेली तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या कानडी बायांपायी आपल्या घरात चूल बंद झाली. ही भाषा परत घरात काढायची नाही. माझ्याशी तर नाहीच. चौदा वर्षांचा होतो मी. मला वाटलं ती एक ठेवून देईल. पण तिने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून एक शब्द नाही. चव्वेचाळीस वर्षं." मग म्हणाले, "मला वाटायचं, कधीतरी सांगेन की बोल गं. मग राहूनच गेलं. आणि आता रोज ऐकतोय, त्याला आवडत नाही, त्याला आवडत नाही."

ते उठले आणि खाटेजवळ जाऊन खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "यव्वा, ना बंदीनि."

आई, मी आलोय.

आज्जीने हात खाली घेतला. मग म्हणाली, "बंदि? बा, कुंद्र."

आलास? ये, बस.

एवढंच. जणू काही तो शाळेतून आलेला.

९ फेब्रुवारी, रविवार

मी गेले महिनाभर या वहीत पप्पांबद्दल काय काय लिहिलंय ते आज वाचलं. फाडणार होते ती पानं. नाही फाडली.

आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती लसूण सोलत म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली. ताप आला की तुझे पप्पा कानडीत बडबडतात. मी कशाला विचारू? ज्याचं त्याला सांगू दे."

पप्पांनी महिनाभर रजा टाकली. शेट्टी अंकल तरी येतात. म्हणतात, माझी कन्नड सुधारतेय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसमधून आले तर दोघं भांडत होते. चक्क! आज्जीला लसणीची फोडणी पाहिजे आणि डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. पप्पा समजावतायत, ती ऐकत नाही. पप्पांची कन्नड चौदा वर्षांच्या पोरासारखी आहे, असं अंकल म्हणतात. तिथेच थांबलेली. मोठ्या माणसांचे शब्द त्यांना येत नाहीत.

आज्जीने अर्धी भाकरी खाल्ली. महिन्यातली पहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज्जी सकाळी सात वाजता गेली. पप्पा जवळ होते. त्यांच्याशी बोलतच होती. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

आज आज्जीच्या नावाने पुण्यानुमोदन झालं. नातेवाइकांनी लावून धरलेलं की ठाकुर्लीत, सोसायटीच्या हॉलमध्ये करू. पप्पा म्हणाले, नाही, वागळे इस्टेटला, वस्तीजवळच्या विहारात. तिथल्या बायकांना चढउतार जमत नाही, आपण जाऊ.

तेवीसपैकी सात जणी आहेत अजून. सातही आल्या. बाकीच्यांच्या लेकीसुना, नातवंडं. मागच्या ओळी सगळ्या इरकल लुगड्यांनी भरलेल्या. शेट्टी अंकल हॉटेल दुपारपर्यंत बंद ठेवून आलेले. वंदना झाली. आज्जीचं आयुष्य मी वाचून दाखवणार होते, सहा पानं लिहिलेली. नाव पुकारलं तेव्हा पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः उभे राहिले.

आयुष्यात कधी माइक हातात घेतला नसेल त्यांनी. माझी पानं घेतली, पण त्यातलं काही वाचलं नाही. म्हणाले, "माझी आई कानडी होती. हे मी पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय."

मग अंगठ्यांची गोष्ट सांगितली. भाकऱ्यांची सांगितली. चौदाव्या वर्षी आपण काय बोललो तेही सांगितलं, खाली न बघता. सोलापूरकडचे काका चुळबुळ करत होते. पप्पा थांबले नाहीत. मग मागच्या ओळींकडे वळून ते कन्नडमध्ये बोलायला लागले. हळूहळू, शब्द शोधत.

"नम्म अव्वा सत्तळ," ते म्हणाले.

मागून निंगव्वाचा आवाज आला, सगळ्या विहाराला ऐकू जाईल असा. "सत्तळ अनब्याड! तीरकोंडळ अन!"

बायका हसल्या. पप्पाही हसले, डोळे पुसत. शेट्टी अंकल माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पप्पा म्हणाले, 'आमची आई मेली.' लहान मुलं म्हणतात ना, तसं. ती म्हणते, असं नाही म्हणायचं, मोठ्या माणसासारखं 'वारली' म्हण."

पप्पांनी माइक नीट धरला.

"नम्म अव्वा," ते म्हणाले, आणि मग स्वच्छ, मोठ्या आवाजात, "तीरकोंडळ."

"हां," निंगव्वा म्हणाली. "मुंद हेळ."

पुढे बोल, म्हणजे. आणि पप्पा पुढे बोलत राहिले.